पुढची जागा आणि रात्रभराची रांग: एका वादाचा आढावा

अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळपासून हिंगोलीच्या गड्डेपीर गल्लीकडे माणसांचा ओघ सुरू होतो. विघ्नहर्ता चिंतामणी गणपतीचा नवसाचा मोदक घ्यायला मराठवाडा-विदर्भातून, परराज्यांतूनही लोक येतात आणि बॅरिकेडच्या आत बसून, पेंगत, गप्पा मारत रात्र काढतात. वाहतूक कुठून वळवायची, बंदोबस्त किती लावायचा, यावर गावात दरवर्षी चर्चा होते. मुळात अशी रांग असावी का, हा प्रश्न मात्र कोणाला पडत नाही.

रॉक कॉन्सर्टच्या दारात रात्र काढणाऱ्या चाहत्यांबद्दल हाच प्रश्न जगभर चाळीसपेक्षा जास्त वर्षे विचारला जातो आहे. महाराष्ट्रात तो जोरात पुढे आला तो कोल्डप्लेमुळे. जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम झाले. नेहमीची तिकिटे २,५०० रुपयांपासून ३५,००० पर्यंत होती आणि मैदानात उभे राहून ऐकण्याचे, म्हणजे स्टँडिंगचे तिकीट ६,४५० रुपयांना. या स्टँडिंग तिकिटातच सगळ्या वादाची मेख आहे. पैसे सगळ्यांनी सारखे मोजलेले असतात, जागा मात्र कोणाच्याच नावाची नसते. जो आधी आत शिरेल तो स्टेजसमोरच्या बॅरिकेडला टेकून उभा राहणार, उशिरा येईल त्याला गायक बोटाएवढा दिसणार. मग कोणी पहाटे येतो, त्याच्या आधी पोचायचे म्हणून दुसरा आदल्या रात्री येतो आणि तिसरा तंबू घेऊनच येतो.

हिंगोली जिल्ह्यात असा कार्यक्रम होत नाही; होईल असे मैदानही नाही. इथल्या पोरांना मुंबई-पुणेच गाठावे लागते. २०२४ मध्ये जालन्याची जनशताब्दी हिंगोलीपर्यंत आली, तरी मुंबईला पोचण्यात दिवस जातो. पण रात्रभराच्या रांगेचा अनुभव या जिल्ह्याला मुंबईपेक्षा कमी नाही. मोदकाची रांग आहे, महाशिवरात्रीला औंढा नागनाथची आहे, हळदीच्या हंगामात संत नामदेव मार्केट यार्डाबाहेर उभ्या राहणाऱ्या वाहनांची आहे. म्हणून हा आढावा घेताना बाहेरच्या घटनांसोबत इथल्या रांगाही विचारात घेतल्या आहेत.

सिनसिनाटीपासून

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात ३ डिसेंबर १९७९ रोजी ‘द हू’ या बँडचा कार्यक्रम होता. रिव्हरफ्रंट कॉलिझियममधली बहुतेक तिकिटे बिनक्रमांकाची होती. कडाक्याच्या थंडीत दुपारपासून हजारो लोक दाराशी जमले. वेळ झाली तरी मोजकीच दारे उघडली गेली. आतून वाद्यांचा आवाज आल्यावर कार्यक्रम सुरू झाला असा समज पसरला, मागच्यांनी रेटा दिला आणि ११ जण गुदमरून गेले. बँडला याची कल्पना नव्हती; कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला आणि बातमी त्यानंतर त्यांना कळली. त्याच महिन्यात शहराने बिनक्रमांकाच्या आसनव्यवस्थेवर बंदी घातली. ती २००४ मध्ये उठली.

या घटनेचे दोन अर्थ लावले गेले आणि आजचे दोन्ही पक्ष त्यांतूनच निघाले आहेत. पहिला अर्थ असा की बिनक्रमांकाची जागा हीच धोक्याची. क्रमांक द्या, म्हणजे धावाधाव थांबेल. दुसरा असा की त्या संध्याकाळी रांग नव्हतीच, दारावर दाटलेला जमाव होता. रांग लावून दिली असती तर हे टळले असते. गर्दीच्या अपघातांचा अभ्यास करणारे अमेरिकन अभियंते जॉन फ्रुइन यांनी पुढे अशा दुर्घटनांची कारणे चार गोष्टींत बसवली: रेट्याचा जोर, लोकांपर्यंत पोचलेली वा न पोचलेली माहिती, जागा आणि वेळ. सिनसिनाटीत या चारही गोष्टी एकदम बिघडल्या होत्या. डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात ३० जून २००० रोजी ‘पर्ल जॅम’ वाजवत असताना नऊ जण चेंगरून गेले, तेव्हा दाराशी काहीच घडले नव्हते. चेंगराचेंगरी स्टेजसमोरच झाली. रांग शिस्तीची असली तरी आत गेल्यावर पुढची जागा हवीच असते, हे तिथे दिसले.

आपल्याकडचा इतिहास तुटक आहे. मुंबईत धोबी तलावाच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ भरू लागले आणि कॉलेजच्या पोरांची एक पिढी तिथल्या दाराशी ताटकळत रॉक ऐकायला शिकली. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले कार्यक्रम बंद पडले. १ नोव्हेंबर १९९६ ला मायकेल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडा संकुलात आला, १५ डिसेंबर २०१९ ला ‘यू टू’ डी. वाय. पाटीलवर. मधल्या काळातली लक्षात ठेवण्याजोगी घटना गुडगावची आहे. २८ ऑक्टोबर २०११ ला ‘मेटॅलिका’चा भारतातला पहिला कार्यक्रम तिथे व्हायचा होता. पुढचे बॅरिकेड गर्दीच्या दाबाने मोडले, कार्यक्रम रद्द झाला आणि संतापलेल्या प्रेक्षकांनी स्टेजची नासधूस केली. दोनच दिवसांनी बंगळुरूत त्याच बँडचा कार्यक्रम सुरळीत झाला. गर्दी त्याच वयाची, त्याच आवडीची. फरक बांधणीत आणि व्यवस्थेत होता.

आणि ज्याला रॉकशी देणेघेणे नाही, त्या मराठी माणसालाही ही पद्धत चांगली ठाऊक आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून भरतो आणि त्यातली भारतीय बैठक ही बिनक्रमांकाची जागाच आहे. दार उघडताच लगबगीने आत शिरून चादर टाकणारे, घरच्या पाच जणांची जागा एकट्याने अडवणारे आणि त्यावरून शेजाऱ्याशी हलक्या आवाजात हुज्जत घालणारे रसिक तिथे नेमाने भेटतात. शास्त्रीय संगीताचा श्रोता सोशिक असतो हा समज दार उघडण्याच्या घटकेपुरता बाजूला ठेवावा लागतो.

रांगेच्या बाजूने

रात्रभराच्या रांगेचे समर्थन करणाऱ्यांचा पहिला मुद्दा साधा आहे: पैसा सगळ्यांकडे सारखा नसतो, रात्र मात्र प्रत्येकाकडे एकच असते. ज्याला मनापासून हवे आहे तो झोप मोडतो, ज्याला तितके नको तो मागे उभा राहतो. आवडीची तीव्रता मोजायला याहून सरळ माप नाही, असे ते म्हणतात. अमेरिकन तत्त्वचिंतक मायकेल सँडेल यांनी ‘व्हॉट मनी कान्ट बाय’ या २०१२ च्या पुस्तकाची सुरुवातच रांग मोडण्याच्या विषयाने केली आहे. पैसे देऊन पुढे जाण्याची सोय सर्वत्र झाली की काही गोष्टींचे मोल बदलते, असे त्यांचे म्हणणे. पैशांवर रांगेत उभे राहणारी भाड्याची माणसे हे त्यांचे गाजलेले उदाहरण. त्यामुळे सरकारी सुनावणीतली किंवा फुकट नाटकातली जागाही शेवटी पैसेवाल्याकडे जाते.

दुसरा मुद्दा रांगेत तयार होणाऱ्या समाजाचा. या विषयावरचा पायाभूत अभ्यास समाजमानसशास्त्रज्ञ लिऑन मान यांचा आहे. मेलबर्नमध्ये फुटबॉलच्या अंतिम सामन्यांच्या तिकिटांसाठी लोक रात्रंदिवस रांगेत राहत. १९६० च्या दशकातल्या त्या रांगांमध्ये जाऊन त्यांनी पाहणी केली आणि १९६९ मध्ये ती प्रसिद्ध केली. पोलिसांनी काही न सांगता लोकांनी स्वतःचे नियम केले होते. पाळ्या लावून घरी जाऊन यायचे, थोडा वेळ जायचे असेल तर सामान ठेवून जागा राखायची. पण एका वर्षी माणसांपेक्षा जागा धरणारी खोकीच जास्त झाली. तेव्हा मागच्यांनी ती उचलून जाळून टाकली. खत-बियाण्यांच्या दुकानासमोर किंवा पीककर्जाच्या दिवसांत बँकेच्या दारात चपला, पिशव्या, दगड मांडून नंबर लावलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या खोक्यांचे नवल वाटणार नाही. चप्पल किती वेळ माणसाच्या जागी चालते, याची हद्द प्रत्येक रांग स्वतः ठरवते.

रॉक चाहत्यांनी ही व्यवस्था बरीच पुढे नेली. ‘यू टू’ किंवा ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या चाहत्यांत वहीत नावे लिहून घेणे, मनगटावर क्रमांक काढणे, ठरावीक तासांनी हजेरी घेणे आणि हजेरीला नसेल त्याचे नाव कापणे ही रीत आहे. ब्यूनॉस आयर्समध्ये २०२३ साली टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमासाठी मुलींनी काही महिने आधीपासून स्टेडियमबाहेर तंबू ठोकले होते. प्रत्येकीने किती तास दिले याची नोंद ठेवली जाई आणि ज्या गटाचे तास जास्त तो पुढे. विम्बल्डनमध्ये तर हीच गोष्ट आयोजकांनी अधिकृत केली आहे. मैदानात तंबू लावायला परवानगी, येणाऱ्याला तारीख-क्रमांकाचे रांगपत्र, ते दुसऱ्याला देता येत नाही, थोडा वेळच जागा सोडता येते आणि सोबत छापील नियमावली. रात्र काढायची तर ती अशी काढू द्या, असे समर्थकांचे म्हणणे.

तिसरा मुद्दा कलावंताचा. स्टेजसमोर उभ्या असलेल्यांना गाणी तोंडपाठ असतील तर कार्यक्रमाला रंग चढतो, महागड्या खुर्चीत फोन बघत बसलेल्यांसमोर तो चढत नाही. अनेक बँड पुढचा भाग मुद्दाम स्टँडिंग ठेवतात ते यासाठी. तमाशाच्या फडावर पुढे बसलेला दर्दी आणि मागचा बघ्या यांतला फरक ज्याला कळतो, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

रांगेच्या विरोधात

विरोधकांचे उत्तर पहिल्या मुद्द्यापासूनच सुरू होते. रात्र प्रत्येकाकडे एकच असते, पण ती रस्त्यावर काढण्याची मुभा प्रत्येकाला नसते. दुसऱ्या दिवशी कामावर जाणारा, लहान मूल असलेली, मधुमेहाचा रुग्ण, कुबडी घेऊन चालणारा, घरून परवानगी न मिळणारी मुलगी, हे सगळे या ‘समान’ मापात आपोआप मागे पडतात. अनोळखी शहरात, स्टेडियमच्या कुंपणाशी, स्वच्छतागृह कुठे आहे हे माहीत नसताना रात्र काढायची म्हटल्यावर हिंगोली, वसमत, कळमनुरीहून निघालेली मुलगी आणि नेरूळमध्ये मावशीकडे उतरलेला मुलगा एकाच रांगेत असतात असे म्हणणे कठीण आहे. दूरच्यासाठी रांग आणखी एका अर्थाने महाग पडते: प्रवासाचा एक दिवस आधीच खर्ची पडलेला असतो, त्यात रात्रीची भर.

शरीराचा प्रश्न याहून गंभीर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिओ दि जानेरोला टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमात तीव्र उष्म्याने एका तरुणीचा मृत्यू झाला. तासन्‌तास उन्हात थांबून आत आलेल्या गर्दीपर्यंत पाणी पुरेसे पोचत नव्हते. त्यानंतर ब्राझील सरकारने प्रेक्षकांना पाण्याची बाटली आत नेऊ देणे बंधनकारक केले. जागा जाईल या भीतीने रांगेतला चाहता पाणी कमी पितो, कारण पाणी प्यायले की बाहेर जावे लागते. वैद्यकीय पथके याच गोष्टीने त्रासलेली असतात. रात्रभर जागलेली, उपाशी माणसे संध्याकाळी दाबाच्या जागी सर्वात पुढे उभी राहतात, आणि सुरक्षेच्या दृष्टीने तीच जागा सर्वात अवघड असते.

अर्थशास्त्रज्ञांची हरकत वेगळी. पैसे देऊन तिकीट घेतले तर ते पैसे कोणाच्या तरी हाती पडतात. रांगेत घालवलेला वेळ कोणाच्याच उपयोगी पडत नाही. दहा हजार माणसांनी प्रत्येकी दहा तास दिले तरी पुढच्या जागा वाढत नाहीत, सगळे फक्त लवकर येऊ लागतात. यावरचा सर्वात चमत्कारिक उपाय डेन्मार्कच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी, त्रिने प्लाट्झ आणि लार्स पीटर ऑस्टरडाल यांनी मांडला. २०१७ च्या त्यांच्या शोधनिबंधाचा निष्कर्ष असा की लवकर येण्याची चढाओढ थांबवायची असेल तर ‘आधी येईल त्याला आधी’ ही सर्वात वाईट पद्धत आणि ‘शेवटी येईल त्याला आधी’ ही सर्वात चांगली. कागदावर हे बिनतोड आहे. पण औंढ्याच्या रांगेत पहाटे चारला आलेल्याला मध्यरात्रीपासून थांबलेल्यांच्या आधी आत सोडून पाहावे. हिशेब कुठे चुकतो ते लगेच कळेल. न्याय दिसलाही पाहिजे, ही अट गणितात नसते, रांगेत असते.

तीन प्रकारच्या रांगा

आतापर्यंतचे दोन्ही पक्ष वाचताना एक गोष्ट खटकते. दोघेही ‘रांग’ हा एकच प्रकार धरून बोलतात, आणि एका रांगेत चाललेला उपाय दुसरीत का पडला याचे उत्तर त्यामुळे सापडत नाही.

मोदकाच्या रांगेत उशीर झाला तर फक्त उशीर होतो. पहिल्याला मिळालेला मोदक आणि पहाटे मिळालेला मोदक यांत फरक नाही. दर्शनाच्या रांगाही याच जातीच्या. दुसरा प्रकार संपणाऱ्या वस्तूचा: मागणीच्या वाणाचे बियाणे, डीएपी खत, ऑनलाइन तिकीट. इथे उशीर झाला तर हात रिकामा. तिसरा प्रकार स्टँडिंग कॉन्सर्टचा. तिकीट खिशात आहे, आत शिरणार हेही नक्की आहे; ठरायचे आहे ते एवढेच की कुठे उभे राहायचे. इथे क्रम हीच वस्तू आहे.

पहिल्या प्रकाराला वेळ वाटून देण्याचा उपाय लागू पडतो. पंढरपूरला आषाढीच्या आधी देवाचा पलंग काढतात आणि विठ्ठलाचे दर्शन चोवीस तास खुले राहते, म्हणजे वेळच वाढवली जाते. पदस्पर्शाची रांग आणि मुखदर्शनाची रांग वेगळी, म्हणजे ज्याला लांबून पाहणे पुरते तो लवकर मोकळा होतो. लालबागच्या राजाकडेही नवसाची आणि मुखदर्शनाची अशा दोन रांगा आहेत. टोकन देऊन ठरावीक वेळी बोलावण्याचे प्रयोग पंढरपुरात झाले, होत आहेत. हळदीच्या यार्डातही आवक फार वाढली की बाजार समिती काही दिवस नवी वाहने आणू नका असे जाहीर करते. तोही वेळ वाटून देण्याचाच प्रकार.

औंढा नागनाथला हे जास्त अवघड आहे, कारण तिथला गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. अरुंद वाटेने वाकून खाली उतरावे लागते, आत मोजकीच माणसे मावतात आणि त्याच वाटेने वर यायचे असते. बाहेर कितीही बॅरिकेड लावले तरी रांगेचा वेग ठरतो तो त्या तोंडाशी. याच देवळाबद्दलची आख्यायिका सर्वांना माहीत आहे: समोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना मागे जायला सांगितले, ते मागे गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदी मागच्या बाजूला आहे, तो त्याचा पुरावा म्हणून दाखवतात. समोरची जागा कोणाची, हा वाद या जिल्ह्यात किती जुना आहे ते यावरून लक्षात यावे.

कॉन्सर्टवर करून पाहिलेले उपाय

तिसऱ्या प्रकारच्या रांगेवर, म्हणजे जिथे क्रम हीच वस्तू आहे तिथे, आजवर चार मार्ग चोखाळले गेले.

सर्वात रुळलेला मार्ग पैशाचा. स्टेजजवळचा भाग कुंपणाने वेगळा करून त्याचे तिकीट महाग करायचे, फॅन पिट म्हणायचे किंवा आणखी काही. आयोजकांना तो सोयीचा आहे, कारण चाहत्याने झोपेच्या रूपाने मोजलेली किंमत आता रोख मिळते. रांग मात्र संपत नाही. महाग भागाची वेगळी, छोटी रांग लागते. त्यावर उपाय म्हणून लवकर प्रवेशाचे पॅकेज निघाले. मग त्या पॅकेजवाल्यांचीही रांग.

दुसरा मार्ग चिठ्ठीचा. स्प्रिंगस्टीनच्या कार्यक्रमांत ठरावीक वेळेत आलेल्या सगळ्यांना क्रमांकाचे मनगटी पट्टे दिले जात. मग एक क्रमांक काढला जाई आणि त्या क्रमांकापासून रांग सुरू होई. रात्री दोनला येऊन पहिला पट्टा मिळवणाऱ्याला आणि दुपारी आलेल्याला समान संधी. त्यामुळे रात्री येण्यात अर्थच उरत नाही. मुंबईनेही नशिबाची पद्धत पाहिली आहे. १९ नोव्हेंबर २०१६ ला वांद्रे-कुर्ला संकुलात ‘ग्लोबल सिटिझन’ महोत्सव झाला, तेव्हा ठरवून दिलेली सामाजिक कामे करून गुण मिळवायचे आणि सोडतीतून पास मिळवायचा, अशी सोय होती. २०२५ च्या कोल्डप्लेच्या वेळी दोन हजार रुपयांची काही तिकिटे जोडीनेच विकली गेली आणि जागा कुठली ते खिडकीवर गेल्यावरच कळे. जुन्या चाहत्यांना चिठ्ठी रुचत नाही. वीस वर्षे ऐकणारा मागे आणि काल पहिले गाणे ऐकलेला पुढे, हे त्यांना मानवत नाही. तरी पुढच्या जागेसाठी रात्र रस्त्यावर काढण्याचे कारणच नाहीसे करणारा मार्ग हाच आहे, हे मान्य करावे लागते.

तिसरा मार्ग आयोजकांनीच क्रमांक देण्याचा, विम्बल्डनसारखा. चाहत्यांच्या वहीची जागा अधिकृत नोंद घेते. अडचण एकच: क्रमांक कधीपासून द्यायचे? सकाळी सहाला द्यायचे ठरले तर सहाच्या क्रमांकासाठी रात्री बाराला रांग लागते. याचे सर्वात दुःखद उदाहरण कॉन्सर्टचे नाही. तिरुपतीला ८ जानेवारी २०२५ रोजी वैकुंठद्वार दर्शनाची टोकने घ्यायला जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन सहा भाविक गेले. गर्दी टाळण्यासाठी काढलेली टोकने होती, गर्दी टोकनाच्या खिडकीशी झाली.

चौथा मार्ग रांग फोनमध्ये नेण्याचा. कोल्डप्लेची विक्री २२ सप्टेंबर २०२४ च्या दुपारी बारा वाजता ‘बुक माय शो’वर उघडली. तेव्हा एक कोटी तीस लाखांहून अधिक लोक आले होते, असे कंपनीने नंतर सांगितले. तिकिटे डोळ्यांदेखत संपली आणि काही वेळातच पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर कैकपट भावाने दिसू लागली. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी सुरू केली, कंपनीनेही काळाबाजाराविरुद्ध तक्रार दिली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेच्या रूपाने गेले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. ऑनलाइन तिकीटविक्रीचे नियम करणे हे कायदेमंडळाचे आणि शासनाचे काम, अशी भूमिका घेतली.

फोनमधल्या रांगेने एक मोठी गोष्ट केली हे मान्य करायला हवे: सेनगावचा मुलगा आणि वांद्र्याचा मुलगा एकाच क्षणी एकाच दारात उभे राहिले. पण ही रांग दुसऱ्या प्रकारची होती, वस्तू संपण्याची. स्टँडिंग तिकीट मिळाल्यावर पुढच्या जागेसाठीची तिसऱ्या प्रकारची रांग तशीच उरते, आणि तिथे सेनगावचा मुलगा पुन्हा मागे पडतो. शिवाय फोनमधल्या रांगेत आपल्या पुढे कोण आहे ते दिसत नाही. घुसखोर दिसला तर त्याला हटकता येते. स्टॅनली मिलग्रॅम यांच्या न्यूयॉर्कमधल्या, १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात घुसखोराला रोखायला मुख्यतः त्याच्या लगेच मागचा माणूसच पुढे येत असे. फोनच्या रांगेत मागचा माणूसच नसतो, त्यामुळे शंका कोणावर घ्यायची हेही कळत नाही.

न सुटलेले प्रश्न

वाटपाची पद्धत कोणती न्याय्य, यावर मते पुढेही वेगळी राहतील. त्याहून मोठा आणि कमी चर्चिलेला प्रश्न दार उघडण्याआधीच्या तासांचा आहे. स्टेडियमच्या आत आयोजक जबाबदार, पोलिसांची परवानगी, अग्निशमनाचा दाखला, रुग्णवाहिका, सगळे कागदावर असते. रात्री दोनला कुंपणाबाहेरच्या पदपथावर बसलेल्या शंभर जणांची जबाबदारी कोणाची? आयोजक सांगतात, रात्री थांबू नका असे आम्ही जाहीर केले होते. पोलीस त्यांना हटवतात, ते समोरच्या पेट्रोल पंपावर, बसथांब्यावर, गल्लीत पांगतात आणि पहाटे एकदम दाराकडे धावतात. रात्रीची सावकाश रांग मोडून पहाटेचा धावता जमाव तयार करण्याचा हा मार्ग सुरक्षेचा म्हणता येईल का, यावर जगभरच्या आयोजकांत एकमत नाही. काहींनी रात्रीची रांग मान्य करून तिला जागा, पाणी आणि स्वच्छतागृहे दिली. काही अजून सक्त मनाईवर आहेत.

भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये मोठ्या गर्दीच्या कार्यक्रमांसाठी मार्गदर्शिका काढली. ती मार्गदर्शिका आहे, कायदा नव्हे. महाराष्ट्राला गर्दीचा सर्वात कडू अनुभव २५ जानेवारी २००५ ला वाई तालुक्यातल्या मांढरदेवीला आला. सुमारे तीनशे भाविक गेले, चौकशी आयोग नेमला गेला आणि यात्रांच्या नियोजनात त्यानंतर बरेच बदल झाले. तिकिटाच्या कार्यक्रमांना मात्र त्या अनुभवाचा किती भाग लागू करायचा हे ठरलेले नाही. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ४ जून २०२५ ला चेंगराचेंगरीत ११ जण गेले, तेही दाराबाहेरच. त्याच वर्षी कर्नाटक सरकारने गर्दी नियंत्रणाचे विधेयक विधिमंडळात आणले. आयोजकाची जबाबदारी फाटकाच्या किती मीटर बाहेर सुरू होते आणि दार उघडण्याच्या किती तास आधी, हे दोन आकडे अशा कायद्यात असतील तरच रात्रीच्या रांगेला तो लागू पडेल.

आकडेवारीचा प्रश्नही आहे. मोदकाच्या किंवा औंढ्याच्या रांगेत बंदोबस्ताला असलेल्या पोलीस कर्मचाऱ्यांकडे, देवस्थानच्या सेवेकऱ्यांकडे वर्षानुवर्षांचा अनुभव असतो: किती वाजता गर्दी तुंबते, महिलांच्या बाजूला काय लागते, म्हाताऱ्या माणसाला कुठून बाहेर काढायचे. हा अनुभव बदलीबरोबर जातो किंवा पुढच्या वर्षीच्या बैठकीत तोंडी सांगितला जातो. मुंबईच्या कॉन्सर्ट आयोजकांकडे सेन्सर आणि कॅमेरे आहेत, पण रात्रभर बसलेल्या माणसाची सवय त्यांना नवी आहे. या दोन ठिकाणची माहिती एकत्र मांडून पाहण्याचे काम एखाद्या विद्यापीठाला सहज करता येईल. हिंगोली जिल्हा स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्याच क्षेत्रात येतो, जिल्ह्यातली महाविद्यालयेही त्याच्याशी संलग्न. समाजशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याला अनंत चतुर्दशीची एक रात्र आणि नेरूळची एक रात्र, एवढ्यावर प्रबंधाची सुरुवात करता येईल.